आज्ञा आणि शिधा : सर्व्हो मोटरची कुळकथा

१८५८ साली टेम्स नदीत 'ग्रेट ईस्टर्न' ही आगबोट उतरविण्यात आली, तेव्हा तिच्याएवढे जहाज जगात दुसरे नव्हते. ब्रूनेल या इंग्रज अभियंत्याची ही निर्मिती ६९२ फूट लांब होती. एवढ्या जहाजाचे सुकाणू समुद्राच्या जोराविरुद्ध नुसत्या हातांनी वळवावयाचे, म्हणजे चक्रापाशी बलदंड खलाशांची फौजच उभी करावयास हवी. १८६६ साली मॅकफार्लेन ग्रे याने त्यावर तोड काढली आणि पुढच्या वर्षी ती या जहाजावर बसविण्यात आली. खलाशाने चक्र फिरविले की वाफेची झडप तेवढी उघडे. सुकाणू ओढण्याचे कष्ट वाफेचे इंजिन उपशी. सुकाणू हव्या त्या कोनात आले की त्याची हालचालच ती झडप पुन्हा मिटवी.

श्रोतेहो, आज एखाद्या शाळकरी मुलाच्या टेबलावर चिमुकला यंत्रमानव हात हलवीत असतो, त्याच्या खांद्यातील 'सर्व्हो' मोटर ही या अजस्र यंत्राचीच धाकटी वंशज होय. नाव मात्र तिला फ्रान्समध्ये मिळाले. झोसेफ फार्को या अभियंत्याने जहाजांच्या सुकाणूसाठी अशीच योजना करून १८६८ साली तिचे पेटंट घेतले आणि १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या नावातच 'सर्व्हो-मोटर' हा शब्द घातला. लॅटिन भाषेत 'सर्वुस' म्हणजे दास. शब्द समर्पक खरा. पण दास म्हटला की आपल्याला त्याचे आज्ञापालन आठवते, त्याचे पोट आठवत नाही. ग्रेच्या जहाजावर असा विसर पडणे शक्यच नव्हते. आज्ञा खलाशाच्या हातची आणि शिधा बॉयलरचा, हे तेथे कोणालाही डोळ्यांनी दिसत होते.

१८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी आज्ञेवर चालणारी छोटी नाव लोकांना दाखविली. तिथेही लहरींनी नाव ओढली नाही. ओढण्याचे बळ नावेच्या पोटातील विद्युद्घटांत होते.

मग हा भेद पुसट कोठे झाला? माझ्या मते विमानांच्या प्रतिकृती उडविणाऱ्या हौशी लोकांच्या हाती. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी सर्व्होला काडेपेटीएवढे करीत आणले. आज्ञा म्हणजे एक ते दोन सहस्रांश सेकंदाचा विजेचा ठोका, सेकंदाला सुमारे ५० वेळा. ठोक्याच्या लांबीवरून दांडीचा कोन ठरावयाचा. शक्ती चार निकेल-कॅडमियम घटांची, प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ४.८ व्होल्ट. पुढे धन, ऋण आणि आज्ञा अशा तीन तारा एकाच खुंटीत आल्या. विमानात सर्व्हो मोजकेच आणि ते घट क्षणात भरपूर प्रवाह देणारे, त्यामुळे ही सोय निभावून गेली.

२००५ साली इटलीतील इव्रेया गावी 'आर्दुइनो' ही स्वस्त नियंत्रक पट्टी जन्मास आली आणि यंत्रमानव घडविणे मुलांच्या आवाक्यात आले. पट्टीवर पाच व्होल्टची खूण असतेच. मुलगा सर्व्होच्या तिन्ही तारा पट्टीलाच जोडतो. एक सर्व्हो नीट चालतो. दुसरा, तिसरा लावला की यंत्रमानव कापरे भरल्यासारखा थरथरू लागतो, मध्येच निपचित पडतो, पुन्हा जागा होऊन दचकतो.

कारण सरळ आहे. फिरणारी मोटर स्वतःच उलट दाब निर्माण करून येणाऱ्या प्रवाहाला आवर घालते. थांबलेल्या अथवा अडलेल्या मोटरीत हा आवर नसतो. म्हणून उठतानाच ती अधाशासारखी वीज ओढते. नऊ ग्रॅमचा सर्व्होही अडला तर अर्धा अँपिअर सहज मागतो, आणि संगणकाच्या जुन्या यूएसबी जोडणीचे ठरलेले देणे सारे मिळून तेवढेच. दाब खचला की नियंत्रकाची शुद्ध हरपते. तो सावरून पहिल्यापासून आज्ञा देऊ लागतो, सर्व सर्व्हो एकदम उठतात आणि दाब पुन्हा खचतो. सहा पायांच्या यंत्रकीटकाला पायागणिक तीन, म्हणजे अठरा सर्व्हो लागतात. प्रत्येकाने अर्धा अँपिअर मागितला तर नऊ अँपिअर झाले! मुलगा बिचारा रात्र रात्र आपल्या आज्ञावलीत चूक शोधीत बसतो. कित्येक यंत्रमानव याच मुक्कामावरून माळ्यावर जातात.

उपाय ग्रेच्या जहाजावरचाच. सर्व्होंसाठी घटांचा संच निराळा ठेवावा आणि जाड तारांनी जोडावा. नऊ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी या कामी घेऊ नये; तिचा आकडा मोठा, दम थोडा, आणि सामान्य सर्व्होला तो दाबही सोसत नाही. चार पुनर्भरणाचे घट बरे. सर्व्होंच्या तारांजवळ एक मोठा धारित्र जोडला तर क्षणभराची ओढ तो भागवितो. मात्र दोन्ही घरांच्या ऋण तारा एकमेकींस जोडावयास विसरू नये, कारण आज्ञेचा ठोका त्या तारेच्या मानानेच मोजला जातो. धन तारा मात्र वेगळ्याच राहू द्याव्यात. एवढे केले की तोच यंत्रकीटक स्थिर पावलांनी टेबलावरून चालू लागतो, आणि मुलाने आज्ञावलीतील एक अक्षरही बदललेले नसते.