जुन्नरचा डोंगर आणि ग्रिफिथचे इंजिन

१/ ७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून रोमला निघालेले अलिटालियाचे डीसी-८ विमान बँकॉकमार्गे मुंबईकडे येत असता जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. जुन्नर-आंबेगाव म्हणताच शिवनेरी, नाणेघाट, भीमाशंकर आठवतात. ही रात्र मात्र क्वचितच कुणाला आठवते.

२/ त्या विमानाला रोल्स-रॉइसची चार ‘कॉन्वे’ इंजिने होती. कॉन्वे हे प्रत्यक्ष सेवेत आलेले जगातील पहिले टर्बोफॅन इंजिन. त्यामागील कल्पना ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ (१८९३–१९६३) या इंग्रज अभियंत्याची. आजचा धागा त्याच्याविषयी.

३/ ग्रिफिथ १९१५ साली फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात रुजू झाला. काच हिशेबापेक्षा कितीतरी कमी ताणाला का तुटते, हा त्याचा पहिला मोठा प्रश्न. डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे हे त्याचे उत्तर १९२१ साली प्रसिद्ध झाले. पदार्थ कसे तुटतात याचे शास्त्र आजही तेथूनच सुरू होते.

४/ १९२६ साली तो टर्बाइनकडे वळला. त्या काळच्या कॉम्प्रेसरची पाती हवेला नीट वळवत नसत, त्यामुळे बरीच शक्ती वाया जाई. पात्यांना विमानाच्या पंखासारखा आकार द्यावा, असे त्याने गणिताने दाखवून दिले. मात्र अशा टर्बाइनने पंखा फिरवावा, एवढीच त्याची कल्पना होती.

५/ म्हणूनच १९२९ साली फ्रँक व्हिटल हा तरुण वैमानिक केवळ झोताच्या बळावर उडण्याची योजना घेऊन आला, तेव्हा ग्रिफिथने ती अव्यवहार्य ठरवली. सरकारने पाठ फिरवली. पुढे ५ पौंड शुल्काअभावी व्हिटलचे पेटंटही रद्द झाले. अखेर १५ मे १९४१ रोजी व्हिटलच्या इंजिनावर ब्रिटनचे पहिले जेट विमान उडाले.

६/ ग्रिफिथ १९३९ पासून रोल्स-रॉइसमध्ये होता. आत येणारी सगळी हवा जाळण्याऐवजी काही हवा तप्त गाभ्याच्या बाहेरून मागे सोडायची, या तत्त्वाचा त्याने तेथे पाठपुरावा केला. त्यामुळे इंधन वाचते, आवाजही घटतो. हेच कॉन्वे.

७/ मग जुन्नरला काय घडले? चौकशीत निघालेले कारण दिशादर्शनातील चूक हे होते. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत, असे वैमानिकाला वाटले. अंधारात, केवळ उपकरणांच्या भरवशावर, त्याने विमान वेळेआधीच खाली आणले. पुढ्यात सह्याद्री होता.

८/ पुढच्याच वर्षी ग्रिफिथ वारला. आज जुन्नरवरून मुंबईकडे उतरणाऱ्या प्रवासी जेट विमानांच्या इंजिनांत त्याची पाती आणि त्याचे हवेचे गणित फिरत असते. पुढच्या वेळी शिवनेरीवरून वर पाहाल, तेव्हा त्या ९४ जणांचीही आठवण ठेवा.