‘पायरेट्स!’ : हिशेबातून गळलेली माणसे

१९८७ साली मायक्रोप्रोज या अमेरिकन कंपनीने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी ‘पायरेट्स!’ हा खेळ काढला. त्याचा रचनाकार सिड मायर. हा खेळ खेळू पाहणाऱ्याला आरंभीच एक प्रश्न विचारला जाई : स्पेनचा खजिन्याचा ताफा, किंवा ‘सिल्व्हर ट्रेन’, अमुक गावी केव्हा पोचते? (ही ट्रेन म्हणजे आगगाडी नव्हे, चांदी वाहणाऱ्या खेचरांचा तांडा.) उत्तर खोक्यातल्या पुस्तिकेत असे. ‘पायरेट्स!’ची पायरसी होऊ नये म्हणून योजलेली ही युक्ती. परिणाम मात्र असा झाला, की खेळणाऱ्याला इतिहासाचे पुस्तक उघडणे भाग पडले. आणि अर्नोल्ड हेन्ड्रिक यांनी लिहिलेली ती पुस्तिका खरोखरच वाचनीय आहे.

या खेळाची ऐतिहासिक समज उथळ नाही. १५६० ते १६८० या काळातले सहा आरंभबिंदू त्यात आहेत आणि समुद्र तोच असला, तरी प्रत्येक वेळी खेळ बदलतो. १५६० मध्ये कॅरिबियन जवळपास सगळाच स्पेनचा. आसऱ्याला बंदर सापडणे मुश्कील. १६६० मध्ये पोर्ट रॉयल आणि तोर्तुगा आहेत, लूट विकत घेणारे व्यापारी आहेत. वारा पूर्वेकडून वाहतो, म्हणून पश्चिमेला जाणे सोपे आणि परत येणे जिकिरीचे. एखाद्या राज्याचा परवाना हाती असला की स्पॅनिश जहाज लुटणे ही सेवा ठरते. तह झाला की तोच गुन्हा. (कान्होजी आंग्र्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत ‘पायरेट’ म्हटले जाई, हे ठाऊक असणाऱ्या मराठी वाचकाला या शब्दाची लवचिकता वेगळी समजावून सांगायला नको.)

पण खरी कल्पकता लुटीच्या वाटणीत आहे. मोहीम लांबली की खलाशी कुरकुरू लागतात. वाटणी केली, की ते आपापला हिस्सा घेऊन पांगतात आणि नव्याने माणसे जमवावी लागतात. नायकाचे वयही वाढत जाते. केव्हा थांबावे, हाच खेळातला सर्वांत अवघड डाव.

या वाटणीचे मूळ एका ग्रंथात सापडते. अलेक्झांडर एक्सक्वेमेलिन याचे चाच्यांविषयीचे डच पुस्तक १६७८ साली अ‍ॅमस्टरडॅमला प्रसिद्ध झाले. मोहिमेवर निघण्यापूर्वी चाचे करार करीत, त्याची कलमे त्याने दिली आहेत. उजवा हात गेला तर सहाशे चांदीची नाणी, अथवा सहा गुलाम. डावा हात, पाचशे किंवा पाच गुलाम. डोळा गेला तर शंभर नाणी, नाहीतर एक गुलाम. चाच्यांची लोकशाही, त्यांचा अपंगांसाठीचा विमा म्हणून या कलमांचे आजवर पुष्कळ कौतुक झाले आहे. त्या ‘अथवा’पाशी मात्र फार थोडे वाचक थांबतात.

‘पायरेट्स!’मधल्या जहाजाच्या तळघरात अन्न आहे, साखर आहे, तोफा आहेत. गुलाम नाहीत. २००४ साली खेळ नव्या रूपात आला, तेव्हाही नव्हते. माणूस हा खरेदी-विक्रीचा जिन्नस म्हणून पडद्यावर दिसावा असे मी म्हणणार नाही. तसे करणे कदाचित अधिक हिडीस ठरले असते. प्रश्न आहे तो उरलेल्या चित्राचा. जुन्या खेळात जॉन हॉकिन्सची सान हुआन दे उलुआची लढाई स्वतंत्र मोहीम म्हणून खेळता येते. १५६८ ची ती लढाई ज्या सफरीच्या शेवटी झाली, ती सफर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे विकण्याची होती. दुसरी मोहीम ड्रेकची, १५७३ मधली. नोम्ब्रे दे दियोसजवळ त्याने खेचरांचा तांडा लुटला तो फ्रेंच साथीदारांच्या आणि सिमारोन लोकांच्या मदतीने. सिमारोन म्हणजे स्पॅनिश मालकांकडून पळून रानात वस्ती करून राहिलेले आफ्रिकी. वाटा त्यांना ठाऊक, पाळत त्यांची. एकाच व्यवहाराची ही दोन टोके खेळात शेजारीशेजारी आहेत आणि त्यांना जोडणारा धागाच तेवढा काढून टाकला आहे.

साखरेचेही तसेच. ती बंदरात स्वस्त मिळते, दुसरीकडे महाग विकली जाते. ती पिकवते कोण, हे खेळ विचारीत नाही. एक्सक्वेमेलिनला हे विचारावे लागले नसते. १६६६ साली तो तोर्तुगाला आला तोच करारबद्ध नोकर म्हणून, आणि तिथे त्याची स्वतःचीच विक्री झाली. पुढे तो हेन्री मॉर्गनच्या मोहिमांवर शल्यवैद्य होता. त्याच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १६८४ मध्ये निघाले, तेव्हा मॉर्गनने प्रकाशकांवर बदनामीचा दावा लावून भरपाई मिळवली.

खेळाच्या अखेरीस नायकाची संपत्ती, पदव्या, विवाह आणि गव्हर्नरांनी बक्षीस दिलेली जमीन यांचा हिशेब होतो. जमीन एकरांत मोजली जाते. मॉर्गनच्या आयुष्याचा शेवट जवळजवळ याच साच्यातला आहे : १६७१ मध्ये पनामाची लूट, १६७४ मध्ये ‘सर’, नंतर जमैकाचा उपगव्हर्नर, नावावर उसाचे मळे. १६८८ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत शंभराहून अधिक गुलाम होते.