फळांच्या वेशातली माणसे

१/ सफरचंद, द्राक्षे, पान यांचे वेश चढवून अंतर्वस्त्रे विकणारी माणसे १९७५ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर अवतरली. 'फ्रूट ऑफ द लूम' म्हणजे मागाचे फळ. या सोंगांचे मूळ मात्र शंभर वर्षे मागे आहे.

२/ त्या काळी कापड ताग्यातून कापून विकले जाई. ते कोणत्या गिरणीचे, हे ग्राहकाला कळावे कसे? कंपनीत चालत आलेली कथा अशी: ऱ्होड आयलंडमधील नाइट यांच्या कापडावर एका व्यापाऱ्याच्या मुलीने सफरचंदे रंगवली आणि चित्रांचे तागे अधिक खपले. १८७१ साली हे व्यापारचिन्ह नोंदले गेले.

३/ चिन्हामुळे कापडाला ओळख मिळाली. शतकानंतर त्याच चिन्हाच्या वेशात शिरलेल्या नटांची ओळख मात्र झाकली गेली. जाहिरातीत त्यांची नावे झळकत नसत. पानाच्या वेशातील एक नट होते एफ. मरे अब्राहम. पुढे 'अमेडियस' (१९८४) चित्रपटातील सालिएरीच्या भूमिकेने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळवून दिले.

४/ अब्राहम यांचे नाव ऑस्करमुळे उरले. इतर सोंगाड्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? जाहिरातींचा इतिहास लिहिताना मालाच्या नावापाशी थांबू नये, ते यासाठीच.