गळालेल्या अक्षराची पावती

इंग्रजी शब्दाच्या खांद्यावर एक स्वल्पविराम लटकलेला असतो. त्याचे नाव ॲपॉस्ट्रॉफी. शाळेत आपल्याला त्याचा अर्थ 'चा-ची-चे' असा सांगतात आणि आपण त्याला मालक समजतो. अहो, कसला मालक? हा जातीचा कारकून! शब्दातले अक्षर गळाले की तिथे पावती फाडून ठेवायची, एवढीच त्याची नोकरी. 'डू नॉट'चे 'डोन्ट' झाले, 'नॉट'मधला 'ओ' खर्ची पडला. ही घ्या पावती.

शब्द मूळचा ग्रीक. अर्थ, 'तोंड फिरवलेला'. (काउंटरवर अशी मंडळी आपण पाहतोच!) 1529 साली फ्रान्समध्ये ज्योफ्र्वा तोरीने त्याची शिफारस केली आणि त्याच शतकात स्वारी इंग्रजीत रुजू झाली. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांची षष्ठी 'ई-एस' लावून होई. पुढे त्यातला 'ई' गळाला, पावती तेवढी राहिली, आणि लोक पावतीलाच सातबाराचा उतारा समजू लागले! संस्कृतात लोपलेल्या 'अ'च्या जागी अवग्रह बसतो; पण त्या बिचाऱ्याने कधी मालकी सांगितली नाही.

मग आला टाइपरायटर. कळा वाचवण्यासाठी उघडते अवतरण, मिटते अवतरण आणि ॲपॉस्ट्रॉफी या तिघांना मिळून एकच सरळ काडी मिळाली. एका खोलीत तीन भाडेकरू! 1963 साली हीच काडी संगणकाच्या आस्की संकेतावलीत 39 क्रमांकावर चढली. युनिकोडने पुढे वळणदार चिन्हाला स्वतंत्र जागा दिली, पण कळफलकावर अजून काडीच.

इथे गंमत संपते. एसक्यूएल या संगणकी भाषेत काडी म्हणजे 'मजकूर संपला'. ओ'ब्रायन नावाचा आयरिश गृहस्थ अर्ज भरतो, आणि निष्काळजीपणे लिहिलेल्या प्रोग्रामला वाटते, नाव 'ओ'वरच आटोपले. उरलेला 'ब्रायन' हा आपल्याला सोडलेला हुकूम! यंत्र गोंधळते, किंवा 'नाव अवैध' म्हणून मोकळे होते. त्या 'ओ'चा अर्थ 'वंशज'. म्हणजे बापजाद्यांचे नाव खोटे, आणि खोटे ठरवणार कोण, तर कालचे यंत्र! चोर मात्र याच फटीतून आत शिरतात. नावाच्या रकान्यात काडी टाकायची आणि पुढे आपला हुकूम लिहायचा.

उलट एक्सेलमध्ये शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक लिहून पाहा. एक्सेल पुढची शून्ये गिळून टाकते. आधी काडी टाका, सगळी शून्ये शाबूत! जन्मभर गळतीच्या पावत्या फाडणारा कारकून शेवटी गळती थांबवतो. आमच्या जमातीकडून आणखी काय हवे?