कपाळावरचा गुन्हा
वाशिमच्या एखाद्या चौकात हातावर सारखंच गोंदवलेली चार पोरं दिसली, की आपण लगेच म्हणतो, "टोळी दिसते." पण गोंदणाचा आणि गुन्ह्याचा हा संबंध जोडला कोणी? सत्तेनं. १७९७ साली बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवण्याचा नियम झाला. कैदी फेटा खाली ओढून तो झाकत. १८४९ मध्ये ही पद्धत बंद झाली. पुढं १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याला सुईचीही गरज उरली नाही. जात हीच खूण ठरली. १९५२ मध्ये तोही कायदा गेला. तरी गावात चोरी झाली, की पहिला संशय पारध्याच्या पोरावरच का? त्याच्या कपाळावर काहीच लिहिलेलं नाही. मग आपण वाचतो काय?