दोन आंकडे आणि तिसरा शिपाई

सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यांतील जुन्या लष्करी परंपरेच्या गांवीं गेल्यास चावडीच्या अथवा शाळेच्या भिंतींत बसविलेली एक दगडी पाटी कधीं कधीं दृष्टीस पडते. तिच्यावरील मजकूर थोडका असतो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धांत या गांवांतून अमुक इतके पुरुष गेले व त्यांपैकीं अमुक इतक्यांनीं प्राण दिले, एवढेंच तीवर कोरलेलें असतें. नांव एकाचेंही नसतें. दोन आंकडे मात्र असतात. पाटी वाचणारा सहजच पहिल्या आंकड्यांतून दुसरा वजा करतो आणि बाकीचे सारे सुखरूप परत आले असें समजून पुढें चालूं लागतो. आमचेंही पुष्कळ दिवस असेंच होत असे. परंतु ही वजाबाकी बरोबर नाहीं. जे परत आले त्यांत क्षयानें पोखरलेली छाती, जुनाट आमांश किंवा न भरणारी जखम घेऊन आलेले लोक होते. लष्करानें त्यांस सेवेस अयोग्य ठरवून घरीं पाठविलें आणि ते घरींच, कोणी सहा महिन्यांनीं तर कोणी दोन वर्षांनीं, त्याच दुखण्यानें वारले. असा मनुष्य युद्धांत मेला म्हणावयाचें कीं नाहीं? प्रश्न वरून लहान दिसतो. पण स्मारक कोणाचें व कशासाठीं उभारावयाचें, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

इंग्लंडांत या प्रश्नाचें उत्तर एका संस्थेच्या नियमांत सांपडतें. फेबियन वेअर हे गृहस्थ महायुद्धाच्या आरंभीं रेडक्रॉसच्या मोटारपथकाबरोबर फ्रान्समध्यें काम करीत होते. मृतांच्या कबरींची नोंद कोणीच ठेवीत नाहीं हें पाहून त्यांनीं तें काम अंगावर घेतलें, आणि त्यांतूनच २१ मे १९१७ रोजीं राजसनदेनें इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालें. १९६० पासून तें कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नांवानें ओळखलें जातें. ब्रिटिश म्यूझियमचे संचालक सर फ्रेडरिक केनियन यांनीं १९१८ मध्यें या कमिशनला जो अहवाल दिला, त्यांत समतेचें तत्त्व स्पष्टपणें मांडलेलें आहे. सेनापति असो वा साधा शिपाई असो, श्रीमंताचा मुलगा असो वा मजुराचा असो, सर्वांचा दगड एकाच मापाचा, आणि ज्याची कबर सांपडत नाहीं त्याचें नांव कोठल्या तरी भिंतीवर कोरलेलें असावयाचें. राजेलोकांच्या युद्धांच्या इतिहासांत साध्या शिपायाला इतका मान पूर्वीं क्वचितच मिळाला असेल.

पण समतेलाही हद्द आंखावी लागते. कमिशननें पहिल्या महायुद्धाचा काळ ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ असा धरला, व पुढें दुसऱ्याचा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ असा धरला. या मुदतींत जो नोकरींत असतां मेला, त्याच्या मरणाचें कारण विचारलें जात नाहीं. तो तोफेच्या गोळ्यानें मरो, घोड्याच्या लाथेनें मरो, कीं छावणींतल्या तापानें मरो, त्याचें नांव यादींत येतें. ज्याला मात्र नोकरींतून मुक्त केलें होतें, त्याला दोन कसोट्या लागतात. मरण मुदतीच्या आंत आलें पाहिजे, आणि तें नोकरींत जडलेल्या अथवा नोकरीमुळें वाढलेल्या कारणानेंच आलें असें कागदावर सिद्ध झालें पाहिजे. अर्थात् एकाच रुग्णालयांत शेजारशेजारच्या खाटांवर एकाच रोगानें दोघे मेले आणि त्यांतील एकाच्या सुटकेच्या कागदावर आठ दिवस आधीं सही झाली असली, तर पहिल्याचें नांव आपोआप दगडावर जातें, व दुसऱ्याच्या मरणाला साक्षीपुरावा द्यावा लागतो.

मुदतीची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. ३१ ऑगस्ट १९२१ हा दिवस कायद्यानें युद्ध संपल्याचा म्हणून ठरविलेला आहे. तोफा त्यापूर्वीं जवळजवळ तीन वर्षें थांबल्या होत्या. तेव्हां मुदत कंजूषपणानें आंखली असें म्हणतां येत नाहीं. परंतु त्याच सरकारच्या निवृत्तिवेतनाच्या नियमांत, जखम किंवा आजार होऊन सात वर्षांच्या आंत त्याच कारणानें मरण आल्यास विधवेला वेतन देण्याची तरतूद होती. म्हणजे १९२२ सालीं विषारी वायूच्या परिणामानें मेलेला शिपाई वेतनाच्या कचेरींत युद्धांत मेलेला ठरे, आणि कबरींच्या कचेरींत तो साधा नागरिक ठरे. एकाच मृत्यूचे दोन अर्थ झाले ते कचेऱ्या दोन होत्या म्हणून.

विलायतेंत अशा सुटून आलेल्या लोकांची संख्या लहान नव्हती. जखमेमुळें वा आजारामुळें मुक्त झालेल्यांसाठीं सप्टेंबर १९१६ मध्यें रुप्याचें एक पदक काढण्यांत आलें. साध्या पोषाखांत हिंडणाऱ्या धडधाकट दिसणाऱ्या तरुणाला लोक भित्रा म्हणून हिणवीत, त्यापासून त्याचा बचाव व्हावा हा त्यांतील एक हेतु होता. अशीं पदकें दहा लाखांहून अधिक वांटलीं गेलीं. त्यांतील पुष्कळ लोक पुढें कांहीं वर्षांतच वारले. त्यांच्या घरच्यांनीं गांवच्या स्मशानांत त्यांना पुरलें, आणि कमिशनला तें कळविण्याचें कोणाच्या मनांतही आलें नाहीं. कारण लष्कराच्या दप्तरांत तो मनुष्य जिवंतपणींच खर्ची पडला होता. अलीकडे ‘इन फ्रॉम द कोल्ड’ या नांवाच्या स्वयंसेवकांच्या मंडळानें असे विसरलेले शिपाई हुडकण्याचें काम हातीं घेतलें आहे. पद्धत साधी पण कष्टाची आहे. एका हातांत लष्करी दप्तरांतील सुटकेचा कागद व दुसऱ्या हातांत मृत्यूचा दाखला घेऊन दोन्हींवरील रोगाचें नांव जुळतें कीं नाहीं हें पाहावयाचें. जुळलें आणि तपासणींत टिकलें, म्हणजे शंभर वर्षांनीं कां होईना, त्या कबरीवर कमिशनचा दगड उभा राहतो. अशीं हजारों नांवें यादींत नव्यानें आलीं आहेत.

आतां हीच कसोटी आपल्या शिपायांस लावून पाहावी. मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत सहावी पुणें डिव्हिजन कुत-अल्-अमारा येथें डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यांत अडकली होती. तींत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. घोड्याचें मांस खाण्यास पुष्कळ हिंदी शिपायांनीं दीर्घकाळ नकार दिला, भाजीपाला तर नव्हताच. त्यामुळें त्यांच्यांत रक्तपितीनें कहर केला. शरणागतीनंतर हजाराहून अधिक आजारी व जखमी लोक अदलाबदलींत परत मिळाले; बाकीचे कैदेंत गेले व त्यांतले हजारों तिकडेच मेले. आजाऱ्यांनीं भरलेलीं जहाजें मुंबईस लागत. आज जें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून आपण पाहतों, त्या इमारतींत त्या वर्षांत लष्करी रुग्णालय होतें. १९१७ मध्यें लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें मुंबईंत अपंग शिपायांना उद्योगधंदे शिकविणारी क्वीन मेरी शाळा निघाली, ती पुढें खडकीस गेली. जे वांचले त्यांची सोय अशी थोडीबहुत झाली. जे घरीं जाऊन मेले त्यांचें काय?

त्यांच्या हातांत पहिला कागद असेलही. दुसरा कोठून येणार? त्या काळीं खेड्यांतील मृत्यूची नोंद गांवकामगार करी, डॉक्टर नव्हे. कारणांचे रकाने ठराविक होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, आमांश व अतिसार, श्वासाचे रोग, अपघात, इतर. क्षयी मनुष्य शेवटीं तापानेंच फणफणतो. तेव्हां त्याची नोंद बहुधा तापाच्या रकान्यांत पडावयाची. त्यांत १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें त्यानें नेलीं. त्या लोंढ्यांत बगदादेहून फुप्फुसें झिजवून आलेला शिपाई कोणता आणि शेतावरचा गडी कोणता हें निवडणार कोण? नियम दोघांना सारखाच होता. परंतु लंडनच्या शिपायाजवळ डॉक्टरच्या सहीचा दाखला होता आणि खटावच्या शिपायाजवळ पाटलाच्या वहींतील एक शब्द होता. सारख्या नियमानेंही विषम न्याय होतो तो असा.

कागदाचा हा तोटा नुसत्या गरिबीचा नव्हता. त्यांत उपेक्षाही होती. १९२९ मध्यें बसरा येथें जें स्मारक उघडण्यांत आलें, त्यावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं आणि शिपायांचे पलटणवार आंकडे घातले. म्हणजे नोकरींत असतां, रणांगणावर मेलेल्यांनाही तेथें नांव मिळालें नाहीं. खुद्द कमिशननें नेमलेल्या समितीनें एप्रिल १९२१ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे एप्रिल २०२१ मध्यें, कबुली दिली कीं आशिया व आफ्रिकेंतील सुमारें ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण असमानतेनें केलें गेलें, आणि आणखी निदान १,१६,००० व कदाचित् ३,५०,००० पर्यंत लोकांचें नांवानें किंवा मुळींच स्मरण झालें नाहीं. नांवें लिहून ठेवणें अशक्य होतें ही सबब टिकत नाहीं. भीमा-कोरेगांवच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्या शिपायांचीं नांवें इंग्रजांनींच शंभर वर्षें आधीं कोरलीं होतीं. १९१९ मध्यें पंजाब सरकारनें गांववार तयार केलेल्या नोंदवह्यांत सुमारें तीन लक्ष वीस हजार सैनिकांची माहिती आहे. त्या लाहोरच्या संग्रहालयांत पडून होत्या. आणि कबर सांपडत नाहीं ही अडचण म्हणावी, तर आमच्या पुण्याशेजारीं खडकीलाच, ज्यांच्या दूरदूरच्या कबरी राखतां येत नाहींत अशा १,८०० हून अधिक सैनिकांचीं नांवें एका ठिकाणीं कोरलेलीं आहेत.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, हद्द कोठें तरी घालावीच लागेल. नाहींतर साठाव्या वर्षीं दम्यानें मेलेला प्रत्येक जुना शिपाई हुतात्मा ठरेल. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. यादी ठेवणाऱ्याला तारीख हवी, पुरावा हवा. त्यावांचून यादीला किंमत राहत नाहीं. पण तारीख ही हिशेबाची सोय आहे, त्यागाचें माप नव्हे, एवढें मात्र विसरूं नये. हिशेबाबाहेर राहिलेल्याला सरकार दगड देऊं शकत नसेल. समाजानें त्याला विसरण्याचें कारण नाहीं.

आणि समाज म्हणून आपलाही हात स्वच्छ नाहीं. आपल्या गांवोगांवच्या वीरगळांवर लढतां लढतां पडलेला वीर दिसतो आणि वरच्या भागांत तो स्वर्गीं पोंचलेलाही दिसतो. अंथरुणाला खिळून मेलेल्याला त्या दगडावर जागा नाहीं. मराठी राज्यांत पडलेल्या शिपायाच्या पोराबाळांसाठीं बालपरवेशी चाले, ही गोष्ट भूषणावह खरी. पण महायुद्धाहून आलेल्या आजारी माणसाकडे गांवानें काय दृष्टीनें पाहिलें याचा शोध आम्हीं कधीं घेतला आहे काय? परक्या सरकारची लढाई म्हणून सुशिक्षितांनीं तिकडे पाठ फिरविली, आणि घरच्यांनीं दुखणें म्हणून तें सोसलें.

शोध घेण्याचीं साधनें अजून अगदींच नाहींशीं झालेलीं नाहींत. त्या युद्धांत लढलेल्या शिपायाला जें रुप्याचें पदक मिळालें, त्याच्या कडेवर त्याचा क्रमांक, नांव आणि पलटण बारीक अक्षरांनीं कोरलेली असे. कित्येक पदकें सोनाराच्या मुशींत गेलीं असतील. कित्येक अजून कोणाच्या तरी पेटींत, जुन्या पेन्शनच्या कागदांबरोबर पडलेलीं असतील. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें मूळ अशा गांवीं आहे त्यांनीं पुढच्या खेपेस पेटी उघडून ती कड भिंगाखालीं धरावी, आणि घरांतील वृद्धांना विचारावें कीं हा मनुष्य परत आल्यावर किती दिवस जगला व कशानें गेला. मिळालेलें उत्तर तारखेसह लिहून पंचायतींत किंवा शाळेंत ठेवावें. पाटीवरचे दोन आंकडे बदलणार नाहींत; पण त्यांच्याखालीं तिसऱ्या शिपायाचें नांव लिहिण्यापुरती जागा बहुतेक पाट्यांवर मोकळी आहे.