गृध्रसी
गृध्रसी (सायटिका) : कंबरेतून निघून नितंब, मांडी व पोटरीमार्गे पावलापर्यंत उतरणारी तीव्र तंत्रिकावेदना. कण्याच्या कटिभागातील चकती सरकून तंत्रिकामूळ दाबले गेले, म्हणजे ही व्याधी बहुधा उद्भवते. हा कार्यकारणसंबंध मिक्स्टर व बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ मध्ये सप्रमाण मांडला. दीर्घकाळ अंथरुणास खिळून न राहता झेपेल तितके चालणे, शेक, वेदनाशामके व तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायाम यांच्या आधारे बहुसंख्य रुग्णांस ६ ते १२ आठवड्यांत उतार पडतो, ही गोष्ट रात्ररात्र तळमळणाऱ्या रुग्णास व त्याच्या आप्तांस खरा धीर देणारी आहे. तथापि मलमूत्रावरील ताबा सुटल्यास, जांघेत बधिरता आल्यास अथवा पाय लुळा पडू लागल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.